डॉ. जोसे गर्सन दा कुन्हा
गोदातीरी राहणाऱ्या आपणांस कुंडे व तीर्थे नित्य परिचयाची आहेत. परंतु कोकणातील तीर्थक्षेत्रांची माहात्म्ये सांगणारे सह्याद्रिखंड प्रथम एका कॅथलिक डॉक्टराने छापविले, हे थोड्यांसच ठाऊक असेल. डॉ. दा कुन्हा यांचा जन्म १८४४ साली गोव्यात हडफडे येथे झाला. मुंबईत रोगी तपासून उरलेला वेळ ते जुनी नाणी, शिलालेख व पडक्या वास्तू यांस देत. १८७६ साली त्यांनी चौल व वसई यांचा इतिहास लिहिला. फिरंग्यांनी ख्रिस्तमंदिरे उभारिली तशी हिंदूंची देवालयेही मोडिली, हे त्यांनी झाकून ठेविले नाही. स्वधर्मीयांविषयी असे लिहिण्यास धैर्य लागते. पुढल्याच वर्षी, अनेक हस्तलिखिते ताडून, सह्याद्रिखंडाची संस्कृत संहिता त्यांनी प्रसिद्ध केली. मुंबईच्या उत्पत्तीवरील त्यांचा ग्रंथ १९०० साली निघाला. त्याच साली ते निवर्तले.