प्रवरेचा काठ वाचणारे सांकलिया

राजघराण्यांच्या वंशावळी, लढायांच्या तारखा आणि ताम्रपटांची वाचने म्हणजेच इतिहास, असा समज रूढ असताना एका संशोधकाने नदीकाठचे गोटे, गाळाचे थर आणि जनावरांची हाडे यांतून महाराष्ट्राचा भूतकाळ उलगडला. डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया हे त्यांचे नाव. त्यांच्या कार्यातील महत्त्वाचे पर्व तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी घडले.

१० डिसेंबर १९०८ रोजी मुंबईत एका गुजराती कुटुंबात त्यांचा जन्म झाला. प्रारंभी त्यांनी नालंदा विद्यापीठाचा अभ्यास केला आणि १९३६ मध्ये लंडन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. तेथे मॉर्टिमर व्हीलर यांच्या हाताखाली त्यांनी उत्खननाचे शास्त्रशुद्ध धडे गिरवले. १९३९ मध्ये ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात रुजू झाले. गुजरातमधील अश्मयुगाच्या शोधात त्यांना फ्रेडरिक झॉयनर यांचे मार्गदर्शन लाभले. मातीच्या थरांवरून प्राचीन हवामानाचा अंदाज कसा बांधावा, हे झॉयनर यांचे खास क्षेत्र. माणूस ज्या नदीच्या, पावसाच्या आणि मातीच्या आश्रयाने जगला, ती समजल्यावाचून माणूस समजत नाही, ही दृष्टी सांकलियांच्या पुढील कामात कायम राहिली.

१९५०-५१ मध्ये संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथे त्यांनी उत्खनन केले. तांबड्या रंगावर काळी नक्षी असलेली तोटीची भांडी आणि तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी तेथे मिळाल्या. महाराष्ट्रातील आद्य शेतकऱ्यांची संस्कृती जोर्वे या खेड्याच्या नावानेच जगभर ओळखली जाऊ लागली.

त्यानंतर १९५४ ते १९५६ या काळात नेवाशाची पाळी आली. ज्ञानेश्वरीमुळे मराठी मनात घर केलेल्या या गावाच्या पोटात त्याहून कितीतरी जुनी कहाणी दडलेली होती. मराठेशाहीपासून सातवाहन काळापर्यंत, तेथून ताम्रपाषाणयुगीन खेड्यापर्यंत आणि नदीकाठच्या गोट्यांच्या थरांतून थेट अश्मयुगापर्यंत ही शृंखला पोहोचली. मुलांची दफने, त्यांच्या गळ्यातील मणी, धाग्यांचे अवशेष यांतून सामान्य माणूस प्रथमच इतिहासात आला.

पुढे १९६८ पासून नगर जिल्ह्याला लागून असलेल्या शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठच्या इनामगाव येथे सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांनी प्रदीर्घ उत्खनन केले. पाणी वळवण्यासाठी खोदलेला पाट, बांध आणि धान्याचे दाणे तेथे सापडले. अखेरच्या काळात मात्र घरे लहान झाली, शेती रोडावली आणि शिकार व शेळ्यामेंढ्यांवर भिस्त वाढली. इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारास गाव ओस पडले. पाऊस घटल्यामुळे हे घडले असावे, असे मत ढवळीकर यांनी मांडले. हे उत्खनन चालू असतानाच महाराष्ट्र १९७२ च्या दुष्काळाला तोंड देत होता, हा योगायोग विलक्षण म्हणावा लागेल.

१९७४ मध्ये सांकलियांना पद्मभूषण किताब मिळाला. २८ जानेवारी १९८९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

आज प्रवरेच्या काठी धरणाच्या पाण्यावर ऊस डोलतो, तर त्याच जिल्ह्याचा दक्षिण भाग पावसाकडे डोळे लावून बसतो. नदीच्या भरवशावर वसलेली गावे पाण्यावाचून उठूही शकतात, हे या मातीनेच सांगून ठेवले आहे. ते वाचण्याची रीत सांकलियांनी घालून दिली. काठावरचे थर शाबूत राखणे, हे आता आपले काम आहे.