शारदा सदनाचे दार

पंडिता रमाबाईंचे नाव निघाले की आपल्या जुन्या घरांत अजूनही दोन सूर उमटतात : एक त्यांच्या विद्वत्तेच्या कौतुकाचा, दुसरा धर्मांतराच्या रागाचा. या दोहोंखाली त्यांचे मुख्य काम झाकले जाते. मुलीला शाळेत घालणेही जड वाटे त्या काळी त्यांनी विधवा मुलींसाठी राहण्याची शाळा काढली.

त्यांचा स्वतःचा जन्मच अशा एका विद्यागृहात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांचे गुरू दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या वाड्यात त्यांच्या पत्नीस संस्कृत शिकवीत. ते पाहून अनंतशास्त्र्यांनी आपल्या पत्नीलाही शिकविण्याचा ध्यास घेतला. त्याबद्दल लोकांचा रोष पत्करून ते लक्ष्मीबाईंसह कर्नाटकात सह्याद्रीवर, गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. विद्यार्थी तेथेच राहून शिकत. तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाई जन्मल्या. पाहुणचारापायी घर कर्जात बुडाले आणि तान्ह्या रमेला वेताच्या पेटीत घालून कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. पुढे त्या वाटचालीतच आईने तिला संस्कृत शिकविले.

१८७४ च्या दुष्काळात आईवडील गेले. भाऊ श्रीनिवास याच्याबरोबर पायी हिंडत रमाबाई १८७८ साली कलकत्त्यास पोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला. दोनच वर्षांत वैधव्य आले आणि कडेवर मनोरमा राहिली. पुण्यात येऊन त्यांनी १८८२ साली आर्य महिला समाज स्थापिला. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे अमेरिकेत उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरील पुस्तक लिहून त्यांनी मदत उभी केली. बोस्टनच्या मंडळाने दहा वर्षे खर्च चालविण्याचे वचन दिले आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढच्याच वर्षी ते पुण्यास आले.

राहण्याचीच शाळा का, हे गवयाच्या घरात वाढलेल्याला सांगावे लागत नाही. आमच्या वडिलांचे शागीर्द आमच्याच घरी राहत, जेवत, पहाटे षड्ज लावीत. तासाभराच्या शिकवणीने विद्या अंगी मुरत नाही. मुलग्यांना असे गुरुगृह मिळे. केशवपन झालेल्या मुलीच्या वाट्याला मात्र माजघर आणि चूल. तिला पुस्तकाच्या आधी उसंत हवी होती, हक्काचे अंथरूण हवे होते. सदनाने ते दिले.

मग १८९३ साल आले. सदनात धर्माबाबत तटस्थता राहील, या भरवशावर न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार झाले होते. बाईंच्या प्रार्थनेचे दार उघडे असे. काही मुली तेथे जाऊन बसू लागल्या. केसरीने कडक टीका केली, सल्लागारांनी अंग काढून घेतले, पालकांनी मुली परत नेल्या. पालकांची तक्रार पोकळ नव्हती. पोरक्या मुलीच्या मनावर आश्रयदात्याच्या श्रद्धेचे वजन पडतेच, आणि उघडे दारही तेथे बोलावणेच ठरते. पण घरी नेलेल्या मुलींना शिकण्यासाठी दुसरे दार कोणते होते? त्या दिवशी तरी आपल्या समाजाजवळ ते नव्हते.

ते पुढे उघडले, आणि त्याचा धागाही सदनातूनच निघाला. त्याच वर्षी, ११ मार्चलाच, सदनात शिकलेल्या विधवा गोदूबाई जोशी यांच्याशी धोंडो केशव कर्वे यांनी पुनर्विवाह केला. १८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रमासाठी मंडळी उभी केली. हिंगण्याच्या माळावरची ती वसती आपल्या घराण्यांनी मग आपली मानली.

रमाबाई इकडे थांबल्या नाहीत. १८९६–९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्यप्रांतातून शेकडो उपाशी मुली आणून केडगावी मुक्तिसदन वसविले. भुकेने आईवडील गेलेले त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. केडगावी शेती झाली, बायकांच्या हाती छापखाना चालला, आंधळ्या मुलींची शाळा निघाली. मनोरमाबाईंनी गुलबर्ग्यासही मुलींची शाळा काढली. १९२१ मध्ये लेक गेली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या.

त्यांचा धर्म आपल्याला पटो वा न पटो, आज आपल्या मुली परगावी वसतिगृहात राहून शिकतात आणि त्याचे कोणाला नवल वाटत नाही. ही वाट पाडणाऱ्यांत रमाबाई अगदी पुढे होत्या, एवढे तरी आपल्या घरांनी मनमोकळेपणे मानावे.