जगज्जेता शेतकरी जिम क्लार्क

थोर पुढाऱ्यांची आणि पैलवानांची चरित्रे आपण नेहमी वाचतो. आज मी तुम्हांला मोटारीच्या शर्यतीत दोन वेळा जगज्जेते झालेल्या एका शेतकऱ्याची माहिती सांगणार आहे. त्यांचे नाव जिम क्लार्क. या भित्तिपत्रकाखाली टेबलावर जी छोटी हिरवी गाडी ठेवली आहे, ती त्यांच्याच गाडीची प्रतिकृती आहे. सर्वांनी ती जरूर बघावी, पण हात लावू नये.

जिम क्लार्क यांचा जन्म ४ मार्च १९३६ रोजी स्कॉटलंडमधल्या किलमनी या खेड्यात झाला. स्कॉटलंड म्हंजे इंग्लंडच्या उत्तरेला असलेला थंड, डोंगराळ मुलूख. त्यांना चार थोरल्या बहिणी होत्या. ते घरातले शेंडेफळ आणि एकुलते एक मुलगे. ते ६ वर्षांचे असताना घरचे सगळे एडिंग्टन मेन्स नावाच्या मोठ्या शेतावर राहायला गेले. तिथं पिकं होती आणि मेंढ्यांचे कळप होते. १६ व्या वर्षी शाळा सोडून ते शेतात राबू लागले, मेंढ्या राखू लागले. ते साल होते १९५२. त्याच साली आपल्या सातारा जिल्ह्यातल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी हेलसिंकीच्या ऑलिम्पिकमध्ये कुस्तीचे पदक जिंकले.

मला जिम क्लार्क आवडतात त्याचे कारण या मेंढ्याच आहेत. आमचं गाव माण तालुक्यात. पलीकडं सांगली जिल्ह्यातला आटपाडी तालुका लागतो. दोन्हीकडं माळरान आणि मेंढरं. आमच्या घरी पण मेंढरं आहेत. दिवाळीनंतर माझे वडील चाऱ्यासाठी मेंढरं घेऊन दूर जातात आणि मी आजीजवळ राहून शाळा शिकतो. कोणी कोणी मला मेंढक्या म्हणून चिडवतात. जिम क्लार्क पण मेंढकेच होते.

जिम यांना गाडी चालवायचा लई नाद होता. १९५६ साली मित्राच्या गाडीतून ते पहिल्यांदा शर्यतीत उतरले. आईवडिलांना हे पसंत नव्हते. एकच मुलगा, त्याला काही झालं तर शेती कोणी बघायची, अशी त्यांना काळजी. पण जिम यांनी शेती पण सोडली नाही आणि शर्यत पण सोडली नाही. १९५८ साली एका शर्यतीत ते दुसरे आले. तिथं पहिले आलेले कोलिन चॅपमन स्वतः शर्यतीच्या गाड्या तयार करीत. त्यांच्या कंपनीचे नाव लोटस, म्हंजे कमळ. त्यांनी जिम यांना हेरले. १९६० पासून जिम लोटसच्या गाडीतून सर्वांत मोठ्या शर्यतीत, म्हंजे फॉर्म्युला वनमध्ये, उतरू लागले.

आता टेबलावरच्या गाडीविषयी सांगतो. तिचे नाव लोटस २५. खरी गाडी १९६२ साली तयार झाली. त्याआधीच्या शर्यतीच्या गाड्यांना आत लोखंडी नळ्यांचा सांगाडा असायचा आणि वरून पत्रा ठोकलेला असायचा. चॅपमन यांनी नळ्या काढूनच टाकल्या. आपल्या घरी पत्र्याची पेटी असते ना, तिला आत सांगाडा नसतो तरी ती मजबूत असते. तशीच अॅल्युमिनियमच्या पत्र्याची लांबट पेटी त्यांनी केली. त्यामुळे गाडी हलकी झाली आणि मजबूत पण झाली. ती इतकी बुटकी होती की चालवणाऱ्याला आरामखुर्चीत रेलल्यासारखे बसावे लागे. इंजिन पाठीमागे होते. रंग हिरवा आणि मधोमध पिवळा पट्टा.

ही प्रतिकृती माझ्या मामांची आहे. मामा सांगलीला गॅरेजात काम करतात. त्यांनी ती पुण्याच्या जुन्या बाजारातून आणली. तिचा एक आरसा मोडलेला आहे. मामा म्हणतात, जगात पुष्कळ लोक अशा गाड्या जमवतात आणि काचेच्या कपाटात ठेवतात. रंग उडाला नसेल आणि मूळ खोका असेल तर किंमत जास्त येते. प्रतिकृतीचे माप ४३ ला १ असे आहे. म्हंजे खऱ्या गाडीचे ४३ सेंटिमीटर इथं १ सेंटिमीटर होतात. १७२ सेंटिमीटर उंचीचा माणूस या मापाने फक्त ४ सेंटिमीटर भरेल. भागाकार करून बघा!

गाडीवर ८ आकडा आहे. १९६३ साली इटलीत मोंझा गावी याच आकड्याच्या गाडीतून जिम जिंकले आणि जगज्जेते ठरले. त्या वर्षी १० पैकी ७ शर्यती त्यांनी जिंकल्या. बेल्जियमची शर्यत तर भर पावसात झाली. तिथं दुसरा आलेला गडी त्यांच्यामागून जवळजवळ ५ मिनिटांनी पोचला.

पण त्यांना नेहमी यश मिळाले असे नाही. १९६२ साली शेवटच्या शर्यतीत ते पुढे होते. एक लहानसा बोल्ट निघाला, तेल गळाले, गाडी बंद पडली आणि जगज्जेतेपद गेले. १९६४ ला पण शेवटी तेलच गळाले. तरी ते खचले नाहीत. १९६५ ला पुन्हा जगज्जेते झाले. त्याच साली अमेरिकेतली इंडियानापोलिसची ५०० मैलांची, म्हंजे सुमारे ८०० किलोमीटरची शर्यत पण जिंकले.

एवढे मोठे होऊनही ते बुजरे होते. त्यांना नखे कुरतडायची सवय होती. ही सवय मात्र आपण घेऊ नये. त्यांच्या गाडीचे टायर आणि ब्रेक इतरांपेक्षा कमी झिजायचे, कारण ते गाडीला हिसडे देत नसत. आपल्याकडे चांगला गाडीवान बैलांना पराणी न टोचता पळवतो, तसेच ते.

७ एप्रिल १९६८ रोजी जर्मनीत हॉकेनहाइम येथे शर्यत चालू असताना त्यांची गाडी रस्ता सोडून झाडांवर आदळली आणि ते वारले. टायरमधली हवा गेली असावी असे तपासणाऱ्यांचे मत पडले. तिथं झाडांच्या पुढे कठडा नव्हता. ते फक्त ३२ वर्षांचे होते. तोवर ७२ मोठ्या शर्यतींपैकी २५ त्यांनी जिंकल्या होत्या. एवढ्या तेव्हा जगात कोणीच जिंकल्या नव्हत्या. पुढे त्यांचे मित्र जॅकी स्टुअर्ट यांनी शर्यतीचे रस्ते सुरक्षित व्हावेत म्हणून खटपट केली. आपल्या थोरल्या भावांनी पण डांबरी रस्त्यावर मोटारसायकलच्या शर्यती लावू नयेत.

जिम यांना त्यांच्या शेताजवळच्या चर्नसाइड गावी पुरले आहे. त्यांच्या दगडावर आधी शेतकरी असे कोरले आहे आणि जगज्जेता हे त्याच्या नंतर. कोणतेही काम हलके नसते, हे मला त्यावरून कळले. माझ्या वडिलांना वाचता येत नाही. ते मेंढरं घेऊन परत आले की हा लेख मी त्यांना वाचून दाखवणार आहे आणि दगडाची गोष्ट दोनदा वाचणार आहे.

अशा या जगज्जेत्या शेतकऱ्याला माझे विनम्र अभिवादन.

– इयत्ता ४ थी