विज्ञानाचार्य जगदीशचंद्र बोस : सोडलेल्या अभ्यासक्रमाचे सार्थक

विद्यार्थ्याने एकदा धरलेली वाट शेवटपर्यंत चालावी, ती मध्येच सोडणे म्हणजे धरसोड वृत्ती होय, अशी समजूत आपल्या कुटुंबांतून रूढ आहे. आणि ती सर्वस्वी चुकीची आहे असेही नाही. तथापि महाविद्यालयातील पहिले वर्ष संपवून मुलगा किंवा मुलगी घरी येते, आणि हा अभ्यासक्रम आपल्याच्याने निभणार नाही असे खालच्या मानेने सांगते, तेव्हा घरावर जी अवकळा पसरते ती आम्ही अनेकदा पाहिली आहे. भरलेली फी, गेलेले वर्ष आणि नातलगांचे प्रश्न ह्यांची चर्चा होते. मुलाच्या मनाची होत नाही. अशा प्रसंगी ज्ञातिबांधवांना आधार वाटावा, म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही विज्ञानाचार्य सर जगदीशचंद्र बोस ह्यांचे चरित्र निवडले आहे. त्यांची कीर्ती सर्वांना ठाऊक आहे. परंतु ते वैद्य होण्यासाठी विलायतेस गेले होते आणि तो अभ्यास त्यांना अर्ध्यावर सोडावा लागला, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

जगदीशचंद्रांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी पूर्व बंगालमधील मैमनसिंग येथे झाला. हा भाग आज बांगलादेशात आहे. वडील भगवानचंद्र हे सरकारी अधिकारी व ब्राह्मो समाजाचे अनुयायी होते. त्या काळी प्रतिष्ठित घरांतील मुले इंग्रजी शाळेत जात. भगवानचंद्रांनी मात्र मुलाला प्रथम बंगाली शाळेत घातले. तेथे त्यांच्या कचेरीतील मुसलमान शिपायाचा मुलगा आणि एका कोळ्याचा मुलगा हे जगदीशचंद्रांचे सोबती होते. मासे, पाखरे व झाडेझुडपे ह्यांच्याविषयीचे कुतूहल त्यांच्या मनात ह्याच सोबतीत रुजले. पुढे कलकत्त्याच्या सेंट झेव्हियर्स महाविद्यालयात फादर लाफों ह्यांच्या प्रयोगांनी पदार्थविज्ञानाची गोडी लागली, आणि १८७९ साली ते बी. ए. झाले.

आता पुढे काय, हा प्रश्न त्या घरासमोरही उभा राहिला. भगवानचंद्रांनी चहाचे मळे व इतर उद्योग ह्यांत पैसा घालून मोठी खोट सोसली होती आणि घरावर कर्ज होते. मुलाला विलायतेस जाऊन सनदी नोकरीची परीक्षा द्यावी व घराचा भार उचलावा असे वाटत होते. वडील स्वतः अधिकारी असूनही त्यांना हे रुचले नाही; मुलाने इतरांवर अधिकार गाजविण्यापेक्षा विद्येची सेवा करावी, अशी त्यांची इच्छा होती. अखेर वैद्यकशास्त्रावर एकमत झाले. आईचा मात्र समुद्रप्रवासाला विरोध होता. तिचा धाकटा मुलगा लहानपणीच गेला होता. उरलेल्या एकुलत्या मुलाला सातासमुद्रापार धाडण्यास तिचे मन धजेना. परंतु पुढे तिनेच मनाचा हिय्या केला आणि पैशाची अडचण पडल्यास आपले दागिने विकण्याची तयारी दाखविली. सुदैवाने तशी वेळ आली नाही.

१८८० साली जगदीशचंद्र लंडनला निघाले. आसामात शिकारीला गेले असता जडलेला ज्वर अंगात होताच. बोटीवरही त्याने पाठ सोडली नाही. लंडनला वैद्यकाच्या पहिल्या वर्षी पदार्थविज्ञान, रसायन, वनस्पती व प्राणी ह्यांची शास्त्रे शिकावयाची होती, तोवर कसेबसे निभले. त्यानंतर शवविच्छेदन सुरू झाले. विच्छेदनगृहातील उग्र दर्प त्यांना सोसेना. ताप पुनःपुन्हा उलटू लागला. औषधोपचारांनी गुण येईना, तेव्हा वैद्यकाचा अभ्यास सोडावा असाच सल्ला जाणत्यांनी दिला.

वाचकांनी क्षणभर त्या तरुणाची मनःस्थिती डोळ्यांसमोर आणावी. वय अवघे तेवीस. घरी कर्ज, वडिलांची उतारवयातील ओढाताण, आईने देऊ केलेले दागिने, आणि हाती काय, तर अर्धवट सोडलेला अभ्यास व पोखरलेले शरीर. मायदेशी परत जाणे सोपे होते. लोकलज्जेस्तव तेथेच झिजत राहणे त्याहूनही सोपे होते. जगदीशचंद्रांनी दोन्ही टाळले. आपल्याला कोणता विषय खरोखर आवडतो व कोणता झेपतो ह्याचा त्यांनी विचार केला, आणि सृष्टिविज्ञानाचे शिक्षण घेण्याचे ठरविले. त्यांचे मेहुणे आनंदमोहन बोस हे केंब्रिजच्या गणित परीक्षेतील पहिले भारतीय रँग्लर. ते तेथील क्राइस्ट कॉलेजात शिकलेले होते. त्यांचे साहाय्य झाले, शिष्यवृत्तीही मिळाली, आणि १८८२ च्या आरंभी जगदीशचंद्र त्याच कॉलेजात दाखल झाले.

तेथेही वाट एकदम सापडली असे नव्हे. प्रारंभी ते अनेक विषयांच्या व्याख्यानांना बसत. हळूहळू पदार्थविज्ञान, रसायन व वनस्पतिशास्त्र ह्या तीन विषयांवर मन स्थिर झाले. लॉर्ड रॅले ह्यांच्यासारखे गुरू लाभले, प्रकृतीही सुधारली. १८८४ साली केंब्रिजची पदवी मिळाली, आणि लंडन विद्यापीठाची बी. एस्सी. ही पदवीही त्यांनी संपादन केली.

मायदेशी परतल्यावर १८८५ साली ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात प्राध्यापक झाले. त्या काळी हिंदी प्राध्यापकास युरोपियनांच्या दोनतृतीयांश वेतन मिळे, आणि नेमणूक हंगामी म्हणून जगदीशचंद्रांना त्याच्याही निम्मे देऊ केले. घरी कर्ज असताना त्यांनी तीन वर्षे ते वेतन स्वीकारलेच नाही. काम मात्र एक दिवसही चुकविले नाही. अखेर सरकारने त्यांना कायम करून मागील काळाचे पूर्ण वेतन दिले, आणि वडिलांच्या कर्जफेडीस ते उपयोगी पडले. ह्याच काळात, १८८७ साली, त्यांचा विवाह अबला दास ह्यांच्याशी झाला. बंगालमध्ये स्त्रियांना वैद्यकाचे शिक्षण मिळेना म्हणून त्या मद्रासला गेल्या होत्या; परंतु प्रकृतीमुळे त्यांनाही ते अपुरे सोडावे लागले होते. पुढे त्यांनी स्त्रीशिक्षणाचे मोठे कार्य केले. उभयतांचे वैद्यक सुटले, पण आयुष्य वाया गेले नाही.

१८९४ साली छत्तिसाव्या वाढदिवशी जगदीशचंद्रांनी संशोधनास वाहून घेण्याचा निश्चय केला. महाविद्यालयातील एका लहानशा खोलीत, साध्या कारागिराच्या हातून उपकरणे करवून घेऊन, त्यांनी काही मिलिमीटर लांबीच्या विद्युत्-लहरी निर्माण केल्या. ह्या लहरींनी भिंतीपलीकडील घंटा वाजविण्याचा त्यांचा प्रयोग १८९५ साली कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये लोकांनी पाहिला. १८९६ साली, ज्या नगरीत त्यांना अभ्यास सोडावा लागला होता त्याच लंडनच्या विद्यापीठाने, त्यांना डी. एस्सी. ही पदवी दिली.

पुढे ते वनस्पतींच्या संवेदनांकडे वळले. झाडाची सूक्ष्म वाढ हजारो पटींनी मोठी करून दाखविणारे क्रेस्कोग्राफ हे यंत्र त्यांनी तयार केले. त्यांच्या काही निष्कर्षांविषयी शास्त्रज्ञांत मतभेद झाले व राहिले; परंतु पदार्थविज्ञानाची उपकरणे हाती घेऊन सजीवांचा शोध घेण्याची त्यांची दृष्टी काळाच्या पुढे होती. आम्हांस येथे एक गोष्ट विशेष वाटते. वनस्पती व प्राणी ह्यांच्या शास्त्रांचे जे शिक्षण लंडनच्या त्या पहिल्या वर्षी झाले, त्याच क्षेत्रात त्यांनी उत्तरायुष्य वेचले. सर्वांनी फुकट गेले म्हणून ज्या वर्षावर पाणी सोडले असते, त्या वर्षाची शिदोरी अशी पुढे उपयोगी पडली.

३० नोव्हेंबर १९१७ रोजी त्यांनी कलकत्त्यास बोस विज्ञानमंदिराची स्थापना केली. १९२० साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले, आणि २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांनी देह ठेवला.

कंटाळा आला की अभ्यासक्रम बदलावा, असा ह्या चरित्राचा अर्थ कोणी घेऊ नये. जगदीशचंद्रांनी एक वाट सोडली ती दुसरी धरण्यासाठी, आणि दुसरीवर पहिलीपेक्षा अधिक कष्ट केले. हे आमच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. पालकांस आमची विनंती एवढीच की, मूल खालच्या मानेने घरी आले असता प्रथम त्याचे ऐकून घ्यावे. फीचा हिशेब मागाहून करता येतो.