गाय उभी असताना तिचं ऑपरेशन कसं होतं? त्यामागे आहे नऊ दिवस डोकं धरून बसलेला एक जर्मन डॉक्टर

गायीचं ऑपरेशन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? बेशुद्ध होऊन आडवी पडलेली गाय. पण गुरांचे डॉक्टर शक्यतो हे टाळतात. मोठ्या गायीच्या पोटाचा पहिला कप्पाच शंभर लिटरहून मोठा असतो. गाय आडवी झाली की त्याचा भार फुप्फुसांवर येतो, पोट फुगतं, शिवाय पोटातलं अर्धवट चघळलेलं वर येऊन श्वासनलिकेत जायची भीती. त्यामुळं गाय उभीच ठेवायची आणि कापायचा तेवढाच भाग बधिर करायचा, ही पद्धत.

या पद्धतीचा इतिहास काढायला गेलं की एक नाव सारखं समोर येतं. ऑगस्ट बिअर. आडनावावर हसून घ्या, गडी मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

त्यांचा जन्म 1861 चा, जर्मनीतल्या हेल्सेन गावातला. शिकून ते कील शहरात सर्जन एस्मार्क यांच्या हाताखाली लागले. हात किंवा पाय रबरी पट्टीनं घट्ट गुंडाळून त्यातलं रक्त वर सारायचं आणि मग ऑपरेशन करायचं, ही या एस्मार्क साहेबांची युक्ती. ही पट्टी लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

त्या काळी ऑपरेशन म्हणजे क्लोरोफॉर्म किंवा इथर. त्यात पेशंट दगावायचेही. 16 ऑगस्ट 1898 ला बिअर यांच्यासमोर 34 वर्षांचा एक मजूर होता. घोट्याला क्षयरोग झालेला, आणि आधीच्या भुलीचा अनुभव वाईट. बिअर यांनी त्याच्या पाठीच्या कण्यात सुई घालून मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात 15 मिलिग्रॅम कोकेन सोडलं. कमरेखालचं अंग बधिर झालं आणि माणूस जागा असताना ऑपरेशन पार पडलं. पण नंतर त्याला उलट्या झाल्या, डोकं दुखायला लागलं.

हे का होतं, हे कळायला एकच मार्ग होता. स्वतःवर करून बघायचं.

24 ऑगस्टला त्यांनी सहायक हिल्डेब्रांट यांना आपल्या पाठीत सुई घालायला सांगितली. (याचंही पहिलं नाव ऑगस्टच, आणि महिनाही ऑगस्ट.) सुई बरोबर गेली, पण सिरिंज सुईला बसेना! तेवढ्यात मज्जारज्जूभोवतीचं पाणी बरंच वाहून गेलं आणि प्रयोग फसला. मग हिल्डेब्रांट स्वतः तयार झाला.

त्याचे पाय बधिर झाल्यावर बिअर यांनी काय नाही केलं? सुया टोचल्या, पेटता सिगार टेकवला, नडगीवर लोखंडी हातोडा हाणला. गड्याला काही नाही. रात्री दोघांनी जेवण, वाइन, सिगार असा जल्लोष केला. खरा हिशोब दुसऱ्या दिवसापासून सुरू झाला. हिल्डेब्रांटचे पाय ठणकायला लागले, उलट्या सुरू झाल्या. बिअर यांचं डोकं असं दुखलं की नऊ दिवस उतरलं नाही, आडवं झाल्यावरच बरं वाटायचं. पाणी गळून गेल्यामुळं हे होतं, असा अंदाज त्यांनी बांधला आणि तो बरोबर होता. कोकेन विषारी आहे हेही त्यांना पटलं.

पुढं त्याहून सौम्य नोव्होकेन आलं. 1907 मध्ये बिअर बर्लिनला प्रोफेसर झाले आणि 1908 मध्ये त्यांनी दुसरा डाव टाकला. एस्मार्कची पट्टी गुंडाळून हातापायातलं रक्त वर सारलं, वर पट्टा आवळला आणि औषध थेट शिरेत दिलं. पट्ट्याखालचा सगळा भाग बधिर!

आता गोठ्यात या. गायीचं सडलेलं खूर काढायचं असेल तर डॉक्टर आजही हेच करतात. पाय बांधायचा, खुरांच्या वर रबरी पट्टा आवळायचा, त्याखालच्या शिरेत साधारण 20 मिली लिग्नोकेन द्यायचं. काही मिनिटांत खुराची जाणीव जाते. पट्टा लवकर सोडायचा नाही, नाहीतर सगळं औषध एकदम हृदयाकडं जातं. या पद्धतीला जगभर बिअर यांचंच नाव आहे.

मायांग बाहेर आल्यावर गायीच्या शेपटीच्या मुळाशी देतात ते इंजेक्शन मात्र थोडं वेगळं. शेपूट वरखाली हलवून दोन मणक्यांमधली फट चाचपायची आणि तिथं सुई घालायची. औषध मज्जारज्जूच्या आवरणाच्या बाहेरच राहतं. मागचा भाग बधिर होतो, गाय कळा देणं थांबवते, पण पायांवर उभी राहते. डोस जास्त झाला तर बसते.

बिअर इथंच थांबले नाहीत. पहिल्या महायुद्धात डोक्याला लागलेल्या जखमा बघून त्यांनी जर्मन सैन्याला पोलादी शिरस्त्राण देण्याचा आग्रह धरला. 1912 मध्ये साउएन गावाजवळ त्यांनी जमीन घेतली होती. तिथल्या पाइनच्या एकसुरी जंगलात ते वर्षानुवर्षं वेगवेगळी झाडं लावत राहिले. 1932 मध्ये निवृत्त झाल्यावर हेच मुख्य काम झालं. 1949 मध्ये साउएनलाच ते गेले. त्यांनी लावलेलं मिश्र जंगल आजही तिथं उभं आहे.