ज्ञानकोशकार केतकर आणि चिघळलेली जखम

मराठीला तेवीस खंडांचा ज्ञानकोश देणारे डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर १० एप्रिल १९३७ रोजी पुण्यात वारले. वय होते अवघे ५३. त्यांना मधुमेह होता आणि चिघळलेल्या जखमेचे निमित्त झाले. घरात कापले-खरचटले की आपण दुर्लक्ष करतो. म्हणून हे आयुष्य आरोग्याच्या अंगानेही पाहण्यासारखे आहे.

केतकरांचा जन्म १८८४ चा, रायपूरचा. उच्च शिक्षणासाठी ते अमेरिकेत गेले आणि कॉर्नेल विद्यापीठातून १९११ मध्ये डॉक्टरेट मिळवली. भारतातील जातिसंस्थेच्या इतिहासावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ त्याआधीच प्रसिद्ध झाला होता. परत आल्यावर त्यांनी ज्ञानकोशाचे काम हाती घेतले. पाठीशी सरकार नव्हते, संस्थानिक नव्हते. कंपनी काढून, भागभांडवल जमवून आणि वर्गणीदार गोळा करून त्यांनी हा डोंगर उचलला. १९२० च्या दशकात सर्व खंड बाहेर पडले. त्यातला पाचवा खंड विज्ञानाच्या इतिहासाचा होता. पुढे त्यांनी ‘ब्राह्मणकन्या’सारख्या कादंबऱ्या लिहिल्या. जर्मन-ज्यू कुटुंबातल्या त्यांच्या पत्नी, शीलवतीबाई, यांची त्यांना आयुष्यभर साथ होती.

१९३७ साली वैद्यकाकडे काय होते? इन्सुलिन १९२२ पासून रुग्णांना दिले जाऊ लागले होते. सल्फा औषधे नुकतीच आली होती. पेनिसिलिनचा शोध १९२८ चा, पण ते सर्वसामान्य रुग्णांपर्यंत पोचायला १९४० चे दशक उजाडावे लागले. मधल्या काळात मधुमेही माणसाची जखम एकदा चिघळली, की डॉक्टरांचेही हात बांधलेले असत.

मधुमेहात असे का होते? रक्तातली साखर सतत जास्त राहिली, की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात. रक्तवाहिन्या अरुंद होतात, त्यामुळे जखमेला पुरेसे रक्त मिळत नाही. पायाच्या नसा बधिर होतात, म्हणून खडा रुतला तरी कळत नाही. दुखत नाही, म्हणजे जखम किरकोळ आहे, हा समज इथेच घात करतो.

आज औषधे हाताशी आहेत; पण पहिले काम घरातच करायचे असते. विळीने बोट कापले, तर आधी स्वतःचे हात साबणाने धुवा. स्वच्छ फडक्याने जखम दहा मिनिटे दाबून धरा. मध्येच उघडून पाहू नका. रक्त थांबल्यावर नळाच्या वाहत्या पाण्याखाली जखम धुवा, भोवतालची त्वचा साबणाने साफ करा आणि स्वच्छ पट्टी बांधा. पट्टी रोज बदला. ओली किंवा मळकी झाली तर लगेच. डब्यातली हळद, कॉफी, चुना किंवा राख जखमेत भरू नका. त्यातून घाण आत जाते आणि खाली काय चालले आहे ते दिसत नाही. धनुर्वाताची लस कधी घेतली होती ते आठवा. आठवत नसेल तर डॉक्टरांना विचारा.

जखम खोल असेल, दाबूनही रक्त थांबत नसेल, लाली पसरत असेल, पू किंवा ताप आला असेल, तर घरगुती उपचार तिथेच थांबवा. कुत्रा-मांजर चावले, तर जखम साबण आणि पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि लगेच दवाखाना गाठा.

मधुमेहींसाठी नियम अधिक कडक आहे. पायाची जखम कितीही लहान असो, ती त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहा. वाकता येत नसेल, तर घरच्यांना पाहायला सांगा. बधिर पाय गरम पाण्याने शेकू नका, कारण भाजलेले कळत नाही. श्रावणात त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीची फेरी अनेक नाशिककर अनवाणी करतात. मधुमेह असेल, तर पायात चप्पल-बूट असू द्या. घरातही चप्पल वापरा.

केतकरांच्या काळात नसलेली प्रतिजैविके आज तालुक्याच्या दवाखान्यातही मिळतात. मात्र ती उपयोगी पडायची, तर जखम वेळेत कोणाच्या तरी नजरेस पडायला हवी.