बेंजामिन फ्रँकलिन आणि विजेचे दोन झटके

शॉक लागलेला माणूस दवाखान्यात येतो तेव्हा आम्ही त्याला नेमके काय झाले ते विचारतो. पुष्कळदा त्याला काहीच सांगता येत नाही. घरचे सांगतात की मोठा आवाज झाला, ठिणगी उडाली, हे जमिनीवर आपटले. रुग्ण मात्र म्हणतो की आवाज ऐकला नाही, ठिणगी पाहिली नाही, भानावर आलो तेव्हा खाली पडलेला होतो. मग नातेवाईक घाबरतात. डोक्याला मार बसला का, की हा काही लपवतो आहे, असे त्यांना वाटू लागते. यातले काही नसतानाही असे होऊ शकते. या अनुभवाचे बारकाईने केलेले एक फार जुने वर्णन बेंजामिन फ्रँकलिन यांनी लिहून ठेवले आहे. त्या काळी घरात वीज नव्हती, कुठे तारा नव्हत्या आणि ईसीजी यंत्र यायला दीडशे वर्षे बाकी होती.

फ्रँकलिन यांचा जन्म १७०६ साली अमेरिकेतील बोस्टन येथे झाला. वडील मेणबत्त्या आणि साबण तयार करीत. त्यांना दोन लग्नांतून मिळून सतरा मुले झाली, त्यांपैकी बेंजामिन पंधरावे. शाळा जेमतेम दोन वर्षे मिळाली. बाराव्या वर्षी थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारी सुरू झाली. सतराव्या वर्षी भावाशी न पटल्याने ते पळून फिलाडेल्फियाला गेले आणि तिथे स्वतःचा छापखाना, वर्तमानपत्र व पंचांगवजा वार्षिक काढून चांगले पैसे मिळवले. वयाच्या ४२व्या वर्षी धंदा भागीदाराच्या हाती सोपवून ते मोकळे झाले. राजकारणातले त्यांचे मोठेपण सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे इथे ते बाजूला ठेवू.

बरणीत साठवलेली वीज

१७४५–४६च्या सुमारास युरोपात लायडन बरणीचा शोध लागला. काचेची बरणी, तिला आतून व बाहेरून धातूचा पातळ पत्रा, आणि तोंडातून बाहेर आलेली तार, एवढीच ती रचना. काच घासून निर्माण केलेली स्थिर वीज त्यात साठवता येई. आपण आज ज्याला कपॅसिटर म्हणतो त्याचे हे मूळ रूप. पंख्यातला कपॅसिटर काढताना स्विच बंद असूनही झटका बसला, असे सांगणारे वायरमन भेटतात. त्याचे कारण हेच आहे. लंडनच्या एका मित्राने काचेची नळी पाठवली आणि फ्रँकलिन यांना या प्रयोगांचे वेडच लागले. विजेसाठी धन आणि ऋण हे शब्द त्यांनीच रूढ केले. अनेक बरण्या एकत्र जोडल्यावर त्या संचाला बॅटरी हे नाव दिले, तेही त्यांनीच.

या बरण्यांनी ते कोंबड्या आणि टर्की पक्षी मारून पाहत. असा मारलेला पक्षी खायला मऊ लागतो, असे त्यांचे मत होते. हे वाचताना बरे वाटत नाही, पण याच प्रयोगांत एक गोष्ट घडली. झटक्याने मेल्यासारख्या पडलेल्या एका कोंबडीच्या फुप्फुसांत पुन्हा पुन्हा हवा फुंकली, तेव्हा ती जिवंत झाली. खाली ठेवताच ती सरळ भिंतीवर जाऊन आदळली. तपासल्यावर कळले की तिला दिसत नव्हते. या एका कोंबडीत आजच्या डॉक्टरला दोन गोष्टी दिसतात. विजेमुळे श्वास थांबला तरी जीव गेलेला असतोच असे नाही, आणि डोळ्यांना विजेपासून इजा होऊ शकते. जोरदार शॉकनंतर काही महिन्यांनी, कधी त्याहूनही उशिरा, मोतीबिंदू झालेले रुग्ण आम्ही पाहतो.

२३ डिसेंबर १७५०

नाताळ दोन दिवसांवर होता. घरी मंडळी जमली होती आणि फ्रँकलिन दोन मोठ्या बरण्यांच्या झटक्याने टर्की मारून दाखवणार होते. त्या दोन बरण्यांत चाळीस साध्या बरण्यांइतकी वीज असल्याचा त्यांचा अंदाज होता. गप्पांच्या नादात त्यांचा एक हात वरच्या तारांना लागला. बरण्यांच्या बाहेरच्या बाजूला जोडलेली साखळी दुसऱ्या हातात होतीच. पक्ष्यासाठी साठवलेली सगळी वीज एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताकडे गेली.

जमलेल्यांनी मोठा लखलखाट पाहिला आणि पिस्तूल झाडल्यासारखा आवाज ऐकला. फ्रँकलिन यांना यातले काहीच कळले नाही. डोक्यापासून पायापर्यंत आतून एक सर्वांगी तडाखा बसल्याचे तेवढे जाणवले. मग अंग जोरजोरात थरथरू लागले आणि हळूहळू थांबले. बरणी रिकामी झाली असावी असे त्यांना वाटले, पण कशी ते उमजेना. शेवटी हातातल्या साखळीकडे लक्ष गेले. साखळी धरलेली बोटे पांढरीफटक पडली होती, जणू रक्तच निघून गेले असावे. आठ-दहा मिनिटे तो भाग मेलेल्या मांसासारखा बधिर होता. वीज शिरली तिथे लहानशी गोल सूज आली. दंड आणि मानेची मागची बाजू दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बधिर राहिली, आणि छातीचे मधले हाड मार लागल्यासारखे दुखत राहिले.

हे सगळे त्यांनी दोन दिवसांनी एका पत्रात लिहिले. आपल्या गाफीलपणाची त्यांना लाज वाटत होती. प्रयोग करणाऱ्या एका मित्राला सावध करण्यापुरते हे सांगावे, पण गाजावाजा करू नये, अशी त्यांनी विनंती केली. माझ्या मते त्या काळातल्या कोणत्याही केस पेपरपेक्षा हे पत्र सरस आहे. लक्षणे क्रमाने दिली आहेत, प्रत्येकाला वेळ दिलेली आहे, आणि स्वतः पाहिलेले व इतरांनी सांगितलेले वेगळे ठेवले आहे.

आता त्यातली लक्षणे पाहू. आवाज आणि उजेड न कळणे म्हणजे मेंदूचे काम क्षणभर विस्कळीत होणे. त्या क्षणाची नोंदच होत नाही, म्हणून नंतर आठवतही नाही. बोटे पांढरी पडली ती रक्तवाहिन्या एकदम आकसल्यामुळे. अंगावर वीज पडलेल्या लोकांचेही हातपाय काही वेळ थंड, फिकट आणि लुळे पडतात व बहुधा काही तासांत पूर्ववत होतात. छाती दुखली ती स्नायू एकाच वेळी जोरात आवळल्यामुळे. सूज आली ती वीज शिरल्याच्या जागी.

यातला सर्वांत धोकादायक भाग फ्रँकलिन यांना तेव्हा कळणे शक्य नव्हते. एका हातातून दुसऱ्या हाताकडे जाणारी वीज वाटेत हृदयावरून जाते. ते वाचले, कारण बरणीतली वीज मर्यादित असते आणि क्षणाच्या अगदी लहान अंशात संपते. आपल्या घरातली २३० व्होल्टची वीज स्विच बंद होईपर्यंत वाहत राहते. ती सेकंदाला ५० आवर्तने करते, हाताचे स्नायू आवळून धरते आणि माणसाला तार सोडता येत नाही. हृदयाचे ठोके बिघडून ते नुसते थरथरत राहते ते अशा वेळी. म्हणून अशा माणसाला हाताने ओढू नये. आधी मेन स्विच बंद करावा, ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने किंवा प्लास्टिकने तार दूर करावी. श्वास नसेल तर लगेच छातीच्या मध्यभागी जोरात, भराभर दाब द्यायला सुरुवात करावी आणि कुणाला तरी १०८ला फोन करायला सांगावे.

दुसरा झटका आणि आठवणींचा प्रश्न

पुढे फिलाडेल्फियात फ्रँकलिन यांची कीर्ती पसरली आणि लकवा झालेले लोक विजेचे उपचार घ्यायला त्यांच्याकडे येऊ लागले. अशाच एका रुग्णाला झटका देताना खोलीत गर्दी झाली. नेहमीची जागा सोडून ते छतावरून लोंबणाऱ्या लोखंडी आकड्याखाली उभे राहिले. तो आकडा तारेने बरण्यांना जोडलेला होता. रुग्णासाठीची वीज त्यांच्याच टाळूतून गेली आणि ते कोसळले. उठले ते काय झाले हे न कळता, आणि पुन्हा बरण्यांतून झटका द्यायला निघाले. बरण्या रिकाम्या झाल्या आहेत हे लोकांनी सांगूनही त्यांना आधी पटेना. डोक्यावर छोटे टेंगूळ आले, ते काही दिवस दुखले. दुसरा काही परिणाम त्यांना आठवत नव्हता. नंतर त्यांनी सहा धडधाकट माणसांना एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवायला लावून असाच झटका दिला. सहाही जण एकदम पडले, आणि उठल्यावर एकालाही तडाखा जाणवल्याचे किंवा आवाज ऐकल्याचे सांगता आले नाही. आज कोणतीही नैतिकता समिती असल्या प्रयोगाला परवानगी देणार नाही.

वनस्पतींच्या प्रकाशसंश्लेषणावर काम करणारे डच वैद्य यान इंगेनहाउस हे त्यांचे मित्र. त्यांनाही बरणीचा झटका डोक्यात बसला. त्या दिवशी स्मरणशक्ती आणि समज दोन्ही गेल्यासारखी झाली, पण रात्री झोपून सकाळी उठल्यावर डोके नेहमीपेक्षा तल्लख वाटले. मनोरुग्णांना याचा उपयोग होईल का, असा प्रश्न त्यांनी मांडला आणि फ्रँकलिन यांनीही तो उचलून धरला. मनोविकारांवरची आजची शॉक ट्रीटमेंट थेट या पत्रांतून आलेली नाही. ती १९३८ साली रोममध्ये, वेगळ्या विचारातून सुरू झाली. आज ती भूल देऊन, स्नायू सैल करणारे औषध देऊनच करतात. भूल न देता ती करायला भारतात २०१७च्या कायद्याने मनाई आहे. घरात लागलेल्या शॉकशी तिची गल्लत करू नये.

लकव्यावरचा उपचार

१७५७ साली फ्रँकलिन यांनी डॉ. जॉन प्रिंगल यांना लकव्याच्या रुग्णांबद्दल कळवले. सुमारे २२ लिटरच्या दोन बरण्या भरून, लुळ्या हातापायातून दिवसात तीनदा झटका द्यायचा, अशी त्यांची पद्धत होती. पहिल्या दिवशी अवयव गरम वाटे, रात्री मुंग्या येत. एका रुग्णाला आदल्या दिवशी मांडीवरून हात उचलता येत नव्हता. तो रोज थोडा वर जाऊ लागला आणि पाचव्या दिवशी त्याने डोक्यावरची टोपी काढली. सगळे आनंदले. पाचव्या दिवसानंतर मात्र सुधारणा थांबली, लोक निराश होऊन घरी गेले आणि पुन्हा पहिल्यासारखे झाले.

इथे हा माणूस मला सर्वांत जास्त आवडतो. उपचार त्यांचा, नाव त्यांचे, तरी कायमचा गुण आलेला आपल्या पाहण्यात नाही असे त्यांनी स्पष्ट लिहिले. जो तात्पुरता फरक पडला तो विजेमुळे, की प्रवासात झालेल्या हालचालीमुळे, की बरे होण्याच्या आशेने आलेल्या हुरूपामुळे, ही शंकाही त्यांनीच काढली. लकवा झालेल्या माणसाला घेऊन लांबवर कुणाकडे उपचाराला जाण्याआधी घरच्यांनी हीच शंका विचारावी. पहिल्या आठवड्यातल्या सुधारणेवर पैसे लावू नयेत.

पतंग आणि सळई

१७५२च्या जूनमधला पतंगाचा प्रयोग चित्रांत चुकीचा दाखवतात. फ्रँकलिन यांच्यावर वीज पडली नव्हती. ते आडोशाला उभे होते, दोरीच्या टोकाला कोरडी रेशमी फीत धरली होती, आणि ढगातून दोरीत उतरलेली थोडी वीज किल्लीतून बोटाच्या पेरावर ठिणगी म्हणून आली. असाच अभ्यास करणारे प्रा. रिचमन १७५३ साली सेंट पीटर्सबर्गला घरातल्या उपकरणाजवळ उभे असताना जागीच गेले. त्यांच्या कपाळावर लाल डाग होता आणि एक बूट फाटला होता. शेजारी उभा असलेला चित्रकार वाचला.

इमारतीवर टोकदार सळई लावून वीज जमिनीत उतरवायची, ही कल्पना फ्रँकलिन यांची. आपल्या घरातले अर्थिंग त्याच तत्त्वावर चालते. विजेला माणसाहून सोपी वाट मिळाली पाहिजे. स्वतःच्या घरातल्या सळईला त्यांनी घंटा जोडल्या होत्या. ढग आले की त्या वाजत, आणि पत्नी डेबोरा यांना भीती वाटे. ते परदेशी असताना त्यांनी पत्राने घंटा बंद करण्याची युक्ती कळवली.

शॉक लागलेला माणूस उठून चालू-बोलू लागला तरी बेशुद्धी आली असेल, छातीत दुखत असेल किंवा धडधडत असेल, भाजले असेल, लघवी काळ्या चहासारखी होत असेल, किंवा रुग्ण गरोदर असेल, तर त्याच दिवशी ईसीजी काढून घ्यावा. हाय टेन्शन तारेचा शॉक असेल तर काही त्रास नसला तरी रुग्णालयात न्यावे. लहान मुलाने वायर चावली असेल आणि ओठ भाजला असेल, तर खपली निघताना, म्हणजे आठवड्या-दोन आठवड्यांनीही, जोरात रक्तस्राव होऊ शकतो. विसराळूपणा, मुंग्या, झोपमोड किंवा चिडचिड काही आठवड्यांनीही दिसू शकते, आणि ती खरी असते.

फ्रँकलिन यांच्या स्वतःच्या तब्येतीत या दोन झटक्यांचा मागमूस पुढे दिसत नाही. म्हातारपणी त्यांना छळले ते गाउटने आणि मूतखड्याने. खड्याच्या वेदनेसाठी शेवटी अफू घ्यावी लागे. १७ एप्रिल १७९० रोजी, वयाच्या ८४व्या वर्षी, फुप्फुसाच्या आजाराने फिलाडेल्फियात त्यांचा मृत्यू झाला. ज्या रुग्णालयाच्या स्थापनेसाठी त्यांनी १७५१ साली डॉ. थॉमस बाँड यांच्याबरोबर वर्गणी गोळा केली होती, ते त्याच शहरात आजही चालू आहे.